राणीमहाल साडी आणि माझा छापील अभिप्राय

चहा आधी पिऊन घ्या राजेहो. मधेच हसू येऊन ठसका लागला तर मी जबाबदार नाही.

परवा आमच्या सूनबाईला मिक्सर घ्यायचा होता. बाजार घरापासून दहा मिनिटांवर. पण नाही! बाईसाहेब सोफ्यावर बसून मोबाइलवर लोकांचे अभिप्राय वाचत होत्या. कोणी पाच तारे दिलेले, कोणी दोन. एकीनं लिहिलं होतं की या मिक्सरनं माझं आयुष्यच बदललं. मिक्सरनं! मी म्हटलं, "अगं, दुकानात जाऊन एकदा बटण दाबून पाहा ना."

"बाबा, इतके लोक काय खोटं लिहितील का?"

हे ऐकलं अन् मी चमकलोच. कारण हे वाक्य माझं आहे हो! शब्दन् शब्द माझं. मोबाइल तर सोडाच, आमच्या गल्लीत कोणाकडे साधा फोनही नव्हता, तेव्हाचं.

"तुम्ही कधी अभिप्राय वाचले नाहीत का, बाबा?" सुनेनं विचारलं.

"वाचले. अन् एक लिहिला सुद्धा," मी म्हटलं.

स्वयंपाकघरात आमची सौ. सुमन खोकली. तो खोकला सर्दीचा नव्हता. आता इतकी वर्षं लावून ठेवलेलं झाकण उघडलंच आहे, तर तुम्हीही ऐका.

आमचं घराणं विणकरांचं. नागपुरात इतवारीतल्या घरात माझ्या बाबांचा हातमाग होता. खटक-खट, खटक-खट ऐकतच मी मोठा झालो. पण मी मॅट्रिक झालो, सरकारी कचेरीत कारकून म्हणून चिकटलो अन् मागाकडे पाठ फिरवली ती कायमची. पायात बूट, खिशाला पेन. स्वतःला मी मोठा शहाणा समजू लागलो.

माझी सासुरवाडी उमरेडची. मामाजी, म्हणजे माझे सासरे, तिथले नावाजलेले विणकर. बारीक चणीचा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी मला न पाहताच सुमन दिली होती. आमच्या लांबच्या नात्यातल्या एका मध्यस्थानं त्यांना सांगितलं, "पोट्टा लय हुशार हाय," अन् मामाजींनी होकार दिला. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता माझं व्यसन सांगतो. लोक तंबाखूचा खर्रा खातात, मी जाहिराती वाचायचो. कचेरीत पेपर आला की बाकीचे राजकारण वाचत, अन् मी मधलं पान ओढून घ्यायचो. केस काळे करा! सहा महिन्यांत इंग्रजी बोला! उंची वाढवा! आज पत्र टाका, व्ही.पी.ने माल घरपोच, पैसे पोस्टमनच्या हाती! मजकुराखाली बारीक अक्षरांत ग्राहकांचे अभिप्राय असायचे. ते तर मी पोथी वाचावी तसे वाचायचो. 'आपले तेल लावले अन् माझे टक्कल गेले. एक समाधानी ग्राहक, पारशिवनी.' वाटायचं, वा! पारशिवनीच्या माणसाला गुण आला, म्हणजे आपल्याला येणारच. ते तेल मी मागवलं होतं. वासामुळे सुमननं मला चार दिवस अंगणात झोपवलं. पण माझा विश्वास ढळला नाही. वाटलं, आपल्याच डोक्यात दोष असणार.

त्या वर्षी धाकट्या मेहुणीचं लग्न ठरलं. वैशाखातली तारीख. संक्रांतीला आम्ही उमरेडला गेलो, तर मामाजींच्या मागावर वांगी रंगाच्या उभ्या धाग्यांचा ताणा चढवलेला. सुमनचा आवडता रंग. मामाजी म्हणाले, "सुमे, लग्नात तुले नेसाले हे. आता डोयानं कमी दिसते वं, बारीक काम होत नाई. नवरीचं अन् तुयं, ही दोन लुगडी झाली की मंग जाडंभरडं तेवढं विणीन."

सुमनचा चेहरा असा उजळला की काय सांगू! आमच्यात लग्नाचं लुगडं बाप विणतो. तो लेकीचा मान असतो. सुमन लहानपणी बापाच्या मागाशेजारी बसून सुताच्या कांड्या भरायची. त्या मागावरचं शेवटचं बारीक लुगडं आपल्यासाठी आहे, म्हटल्यावर तिला आणखी काय पाहिजे होतं?

अन् इथे मी तोंड उघडलं.

खिशातून पेपरचं कात्रण काढलं, अन् खाकरून म्हणालो, "मामाजी, डोळ्यांना कशाला त्रास देता? मी सुमनसाठी मुंबईहून साडी मागवून राहिलो. राणीमहाल साडी! दक्षिणेतल्या राजघराण्याचे खास कारागीर विणतात. हे पाहा लोकांनी काय काय लिहिलं." अन् मी सगळे अभिप्राय मोठ्यानं वाचून दाखवले. एका बाईला राणीमहाल नेसल्यापासून शेजारणी मान देऊ लागल्या होत्या. दुसरीचे यजमान तिच्याशी गोड बोलू लागले होते.

मामाजींनी माग थांबवला. सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जवाईबापू, ह्या बायांनी लुगडं एक डाव तरी धुतलं का जी?"

"म्हणजे?"

"धुतल्यावर रंग गेला का, काठ आटला का, ते कोठी लिहिलं हाय? हे तं सून घरात आल्याच्याच दिवशी तिचे गुण गावभर सांगनं झालं."

मी हसलो. किती अडाणी माणूस, असं मनात आलं. देवा, आज ते हसू आठवलं की मीच माझ्या थोबाडीत मारून घ्यावी वाटतं! वर मी म्हणालो, "मामाजी, इतके लोक काय खोटं लिहितील का? अन् शहरात राहतो आम्ही. माझे साहेब लोक लग्नाला येतील. गावठी लुगडं कसं दिसेल?"

गावठी म्हटलं राजेहो! त्यांच्याच मागाशेजारी उभं राहून!

मामाजींनी मागाकडे तोंड वळवलं. जवायासमोर आवाज चढवायची पद्धत नव्हती. फक्त म्हणाले, "बरं. जशी तुमची मर्जी."

परतीच्या बसमध्ये सुमन खिडकीबाहेर पाहत बसली. मी म्हटलं, "बोल ना."

"मले बाबाच्या हातचं पाहिजे होतं जी," ती म्हणाली. "बाकी काई नाई." अन् पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, राणीमहाल पाहिली की विसरेल सगळं.

तर मी पत्र टाकलं. रंग? वांगी. बायकोची आवड मला ठाऊक होती हो, अगदीच दगड नव्हतो. सव्वादोन महिन्यांनी पोस्टमन थेट कचेरीत पार्सल घेऊन आला. भाव विचारू नका. तेव्हा कोणाला सांगितला नाही, आजही सांगत नाही.

सगळे जमले. हेडक्लार्क तिजारे चष्मा वर करून पुढे आले. कागद फाडला, अन् काय सांगू! अशी मऊ, अशी दाट! रेशमी काठाला करवतीसारखे बारीक दाते. एका टोकाला ही एवढी सोनेरी पट्टी चिकटवलेली, तिच्यावर महालाचं चित्र.

तिजारे म्हणाले, "अबे मनोहर, हा तर आपल्याकडचा करवतकाठ दिसून राहिला. माझ्या बायकोकडं असाच हाय."

"छे छे साहेब!" मी म्हणालो. "आपल्याकडचे दाते बोथट असतात. हे पाहा, कसे टोकदार! राजघराण्याचे कारागीर आहेत ते."

"असं?" तिजारे म्हणाले. "असन बाप्पा. तू विनकराचा पोट्टा, तुले जास्त समजते."

हे ऐकून माझी छाती अशी काही फुगली, की सदऱ्याचं बटण तुटायचंच बाकी होतं. तेवढ्यात पार्सलातून एक छापील चिठ्ठी पडली. 'आपला अभिप्राय अवश्य कळवा. निवडक अभिप्राय ग्राहकाच्या नाव-गावासह प्रसिद्ध केले जातील.'

नाव-गावासह! माझं नाव पेपरात! मी तिथेच कागद ओढला. तिजारे मदतीला बसले. म्हणाले, "तू विनकर हाय हे लिही, वजन येते. अन् दुसऱ्याले कमी केल्याशिवाय पहिला मोठा दिसत नाही, ते बी घाल." दोघांनी मिळून चहाचे दोन कप संपेपर्यंत तो मजकूर घासूनपुसून तयार केला. मला आजही तोंडपाठ आहे.

'महोदय, मी जातिवंत विणकराच्या घरी जन्मलो असून सूत माझ्या बोटांना कळते. आपली राणीमहाल साडी हाती घेताच डोळे पाणावले. असे पोत व असा काठ नागपूर-उमरेडकडील विणकर सात जन्म घेतील तरी काढू शकणार नाहीत. त्यांनी आपल्या राजकारागिरांचे पाय धुऊन पाणी प्यावे. आपला, मनोहर पौनीकर, नागपूर.'

बायकोनं साडी पाहिलीही नव्हती, धुणं तर दूरच, अन् अभिप्राय पोस्टाच्या पेटीत पडलेला!

संध्याकाळी घरी आलो. सुमनसमोर साडी ठेवली अन् तिच्या तोंडाकडे पाहत उभा राहिलो. तिनं घडी हातात घेतली. बोट फिरवलं. एकदम थबकली. मग घडी उलटी केली, ती सोनेरी पट्टी नखानं थोडी उचलली, खाली पाहिलं, अन् मटकन पाटावर बसली. साडी छातीशी धरून रडायला लागली! अन् रडता रडता हसायला लागली. हसता हसता पुन्हा रडली.

"पाहिलंस?" मी म्हटलं. "आहे की नाही साडी? इतके लोक काय खोटं लिहितील का?"

"नाई जी," ती डोळे पुसत म्हणाली. "लय सुंदर हाय. असं लुगडं कोणीच विनू शकत नाई."

"हेच! हेच मी लिहिलं!"

"कोठी लिहिलं?"

"ते... ते असंच," मी म्हटलं. पेपरात आलं की तिला चकित करायचं ठरवलं होतं मी. सुमननं साडी ट्रंकेत ठेवून दिली. त्यानंतर महिनाभर माझ्याशी इतकी गोड वागली की विचारू नका. जेवताना मधेच माझ्याकडे पाहायची अन् हसायची. मला वाटलं, अभिप्रायात लिहिलं होतं ते अगदी खरं!

वैशाख आला. लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही उमरेडला पोचलो. तिथल्या विणकरांत एक रिवाज होता. लग्नाचे सगळे कपडे मांडवात सतरंजीवर मांडायचे, अन् गल्लीतले जुने विणकर येऊन एकेका कपड्याला बोट लावून पाहायचे. कोणी म्हणे सूत बरोबर, कोणी म्हणे काठ ढिला. ती त्यांची मौज असते. त्या दिवशी नवरीचं लुगडं मधोमध होतं. मामाजींच्या हातचं, हिरवंगार.

मी त्याच्या बरोब्बर शेजारी राणीमहाल मांडली. सुमननं मला दोनदा विचारलं, "मांडताच का जी? खरंच मांडता?"

"काहून नको? पाहू दे की लोकांना!"

पाच-सहा म्हातारे विणकर गोल बसले. मामाजी खांबाला टेकून उभे. मी सतरंजीशेजारी उभा राहून व्याख्यान सुरू केलं. राजघराणं सांगितलं, दक्षिण सांगितली, टोकदार दाते सांगितले. शेवटी म्हणालो, "राग मानू नका, पण असं पोत तुमच्यापैकी कोणी काढून दाखवावं!"

म्हाताऱ्यांनी एकेक करून बोट लावलं. एकमेकांकडे पाहिलं. एकानं मामाजींकडे पाहिलं. मामाजी जवळ आले, वाकले. साडी डोळ्यांजवळ नेली, अन् तसेच उभे राहिले.

सगळ्यात म्हातारा विणकर म्हणाला, "जवाईबापू, हा सोन्याचा कागद जरा उचलू का जी?"

"उचला की!"

त्यानं पट्टी उचलली. खाली, अगदी टोकाला, दोन हिरवे धागे अन् शेजारी एक पिवळा.

आता सांगतो, आमच्या विणकरांत प्रत्येकाची खूण असते. व्यापाऱ्याच्या गादीवर माल मिसळू नये म्हणून लुगड्याच्या आतल्या टोकाला जो तो आपले धागे घालतो. विणकराचं शेंबडं पोरगंही कापड हातात घेतलं की आधी ते टोक पाहतं. मी काय पाहिलं? महालाचं चित्र!

"दोन हिरवे म्हंजे गोपाळाचा माग," म्हातारा म्हणाला. गोपाळ म्हणजे आमचे मामाजी. "पन पिवळा काहून गा, गोपाळा?"

मामाजींनी पिवळ्या धाग्यावर बोट ठेवलं. "विकाच्या लुगड्याले दोन हिरवे," ते म्हणाले. "घरच्या लेकीसाठी विनलं तं पिवळा घालतो. सुमीचंच हाय हे. जवाईबापू नको म्हणले, तं विनून नागपूरच्या शेटजीले देऊन टाकलं. त्यानं मुंबईले धाडलं असन."

म्हणजे कळलं का राजेहो? उमरेडहून नागपूर, नागपूरहून मुंबई, अन् मुंबईहून व्ही.पी.नं पुन्हा माझ्याच टेबलावर! मधल्या मधे सासरेबुवा दक्षिणेतल्या राजघराण्यात दाखल झाले होते.

मांडवात असा हशा पिकला की नवरीच उठून बाहेर आली. एक म्हातारा मामाजींना हात जोडून म्हणाला, "राजेसाहेब, आमाले सांगाचं तं असतं!" मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. अन् सुमन? तिनं बापाच्या गळ्यात हात टाकला होता. "मले महिन्याभरापासून माहीत होतं, बाबा," ती म्हणत होती. "मायं लुगडं मले पोचलं."

तिला तिचं पोचलं, हे पाहून मलाही भरून आलं. खोटं नाही सांगत. तेवढ्यापुरतं मला वाटलं, चला, फजिती झाली ती मांडवातल्या मांडवात संपली.

अन् मग विजेसारखी आठवण झाली. अभिप्राय!

अंगाला दरदरून घाम फुटला. वैशाखाचा नव्हता तो. नागपूरला परत येताच कंपनीला पत्र टाकलं, की माझा अभिप्राय कृपया छापू नये. उत्तर नाही. रोज सकाळी कचेरीत सर्वांच्या आधी पोचायचो अन् आधी मधलं पान उघडायचो. महिना गेला, दुसरा गेला. नाव आलं नाही. मी सुटकेचा श्वास सोडला. साडी सुमननं दोनदा धुतली, रंगाचा एक थेंब उतरला नाही.

अशातच एका रविवारी मामाजी अचानक नागपूरला आले. बसचा प्रवास, पायावर धूळ. मी लगबगीनं दाराशी बादली अन् भरलेला तांब्या घेऊन गेलो. त्या प्रकारानंतर मी फार नम्र झालो होतो. "द्या मामाजी, मीच पाणी घालतो," म्हणालो.

त्यांनी पाय बादलीवर धरले. मी पाणी घातलं. पाय स्वच्छ झाले. मी बादलीत जमलेलं पाणी ओतायला उचललं, तर मामाजी म्हणाले, "थांबा जवाईबापू. फेकू नका."

"काहून?"

"तुमाले प्याचं हाय म्हणे."

बादली हातातून सुटली! मामाजींनी पिशवीतून पेपर काढला. नागपूरचा नाही, मुंबईचा. शेटजींच्या गादीवर आलेला. मधल्या पानावर ठळक चौकट. 'एका जातिवंत विणकराचा अभिप्राय.' खाली पूर्ण नाव, पूर्ण गाव.

"शेटजीनं सगळ्यांदेखत वाचून दाखवलं," मामाजी म्हणाले. "आता ते आमच्या विनकर सोसायटीच्या भिंतीवर चिकटवलं हाय. येनारा-जानारा वाचते."

"मामाजी, चुकलो. माफ करा मले."

"माफी कशाची जी? लुगड्याबद्दल तं एकूण एक शबुद खरा हाय. मुंबईहून मागनी आली, शेटजी म्हणते अजून विन. मी म्हणलं, आता डोयानं होत नाई." ते खाटेवर टेकले. पेपरची नीट घडी केली. "दोष तुमचा नाई. मी बी तेच केलं होतं."

"तुम्ही? तुम्ही काय केलं?"

"'पोट्टा लय हुशार हाय' म्हणे त्यो मध्यस्थ. म्या न पाहता, न पारखता, त्याच्या सांगन्यावर जवाई घेतला."

मी केविलवाणा होऊन सुमनकडे पाहिलं. म्हटलं, आता तरी ही नवऱ्याची बाजू घेईल.

ती बापाच्या हातात चहाची कपबशी देत म्हणाली, "जाऊ द्या बाबा. धुतल्यावरच समजते. अन् परत पाठवाची सोय बी नव्हती."